शॉकअप, स्ट्रट आणि घरच्या घरी पाना चालवायची हौस

गेल्या अंकात टायर एका बाजूनेच का झिजतात यावर लिहिलं आणि नंतर आलेली बरीचशी पत्रं सस्पेन्शनचीच निघाली, म्हणून यावेळी दुसरं काही घेतलेलंच नाही. प्रश्न थोडे आखूड केलेत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : सर, गॅरेजमध्ये सांगितलं की पुढचे दोन्ही शॉकअप संपलेत. मी ऑनलाइन पार्ट शोधायला बसलो तर माझ्याच गाडीला पुढे स्ट्रट आणि मागे शॉक ॲब्झॉर्बर असं दाखवतंय, आणि किमतीतही चांगलाच फरक आहे. दिसायला दोन्ही नळकांडीच, मग वेगळं काय? फसवतायत का?

उत्तर : नाही हो, कोणी फसवत नाहीये. गॅरेजमध्ये सरसकट सगळ्याला शॉकअप म्हणतात एवढंच, पार्ट मागवताना मात्र नीट बघून मागवा.

आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका, शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. वजन उचलते स्प्रिंग. खड्डा आला की स्प्रिंग दबते, मग उसळते, मग परत दबते, आणि तिला आवरणारं कोणी नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ वरखाली होत राहील आणि त्या उड्यांमध्ये टायरची रस्त्यावरची पकडच सुटेल. आवरायचं काम शॉकचं. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यावर पातळ पत्र्यांचे व्हॉल्व्ह. चाक वरखाली झालं की तेल त्या भोकांतून जोर लावून पुढेमागे जातं आणि स्प्रिंगची उसळी तेलाच्या उष्णतेत जिरून जाते. खराब रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवून थांबलात की शॉकची नळी हाताला चांगली गरम लागते, ती त्यामुळेच. पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये पाटे एकमेकांवर घासून थोडी उसळी आपोआप मरते, कॉइल स्प्रिंगला ती सोय जवळजवळ नाहीच, त्यामुळे कॉइलवाल्या गाडीत शॉक गेला की जास्त जाणवतं.

इथपर्यंत शॉक आणि स्ट्रट एकच काम करतात. फरक हा की शॉक काढून बाजूला ठेवला तरी चाक जागेवर राहतं, कारण चाकाला धरून ठेवायला वर आणि खाली आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे लोखंडी हात) किंवा मागे बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) वेगळा असतो. स्ट्रट काढला तर नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी तुकडा, सरळ बाहेरच्या बाजूला कलंडतो, कारण त्या गाडीत वरचा आर्म नसतोच, त्याची जागा स्ट्रटनेच घेतलेली असते. पुढच्या बाजूला तर स्टिअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट फिरतो, वर टॉप माउंटमध्ये, म्हणजे स्ट्रट बॉडीला जिथे लागतो त्या तुकड्यात, बेअरिंग असते तिच्यावर. स्प्रिंगही त्याच्याच अंगावरच्या वाटीत बसलेली. म्हणजे वळणावर, ब्रेकवर चाकावर जो आडवा जोर येतो तोसुद्धा स्ट्रटच्या दांड्यावर (पिस्टनला जोडलेल्या) येतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा, शॉकचा दांडा साधारण ११ ते १४ मिमी जाड असतो आणि स्ट्रटचा १८ ते २५ मिमीच्या घरात. किमतीतला फरक तिथून येतो.

ही कल्पना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची. जनरल मोटर्समध्ये असताना शेवरोले कॅडेट नावाच्या छोट्या गाडीसाठी त्याने ती मांडली होती, पण १९४७ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला, गाडी बाजारात आलीच नाही आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांना पुढे हीच रचना होती. पार्ट कमी, जागा कमी, इंजिन आडवं टाकता येतं, त्यामुळे आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रटच सापडेल.

तुमच्याकडे काय आहे ते बघायचं असेल तर खालचं टोक बघा. दोन जाड बोल्टांनी नकलला घट्ट आवळलेलं असेल, किंवा नळी नकलच्या गोल खाचेत घालून एका बोल्टने खाच आवळलेली असेल, तर स्ट्रट. खाली रबरी बुशातून जाणारा एकच आडवा बोल्ट असेल आणि तो आर्मला किंवा बीमला लागलेला असेल तर शॉक. काही गाड्यांत शॉकच्या भोवतीच स्प्रिंग असते आणि तो हुबेहूब स्ट्रटसारखा दिसतो, पण चाकाला वर वेगळा आर्म असतो, त्याला कॉइलओव्हर म्हणतात. हिशोबात तो शॉक, पण उघडताना स्ट्रटइतकाच घातक.

प्रश्न : माझ्याकडे सॉकेट सेट, टॉर्क रेंच, हायड्रॉलिक जॅक आणि दोन जॅक स्टँड आहेत. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड मी स्वतःच बदलतो. आता पुढचे स्ट्रट घरी बदलायचा विचार आहे, मित्राकडे हुकवाला स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे तो आणतो. करू का?

उत्तर : स्ट्रट गाडीतून काढणं आणि परत बसवणं, हे बिनधास्त करा. ब्रेक पॅड नीट बदलता येत असतील तर हे तुम्हाला जमेल. काढलेल्या स्ट्रटवरून स्प्रिंग उतरवणं मात्र घरी करू नका, निदान मित्राच्या त्या हुकांनी तरी नको. यावर मला पत्रातून कोणी कितीही समजावलं तरी माझं मत बदलायचं नाही.

कारण सांगतो. बॉनेट उघडा, दोन्ही बाजूंच्या टॉवरवर बघा, कडेने दोन-तीन नट दिसतील आणि मधोमध एक मोठा नट, बऱ्याचदा रबरी टोपीखाली. कडेचे नट स्ट्रटला गाडीच्या बॉडीशी धरतात. मधला नट दांड्याला टॉप माउंटशी धरतो, आणि टॉप माउंटच स्प्रिंगला वरून दाबून बसलेला असतो. म्हणजे स्ट्रट गाडीतून काढून बाकावर आडवा ठेवला, चाक नाही, वजन नाही, सगळं शांत दिसतंय, तरीही आत स्प्रिंग दबलेलीच आहे आणि तिला थोपवून धरलंय फक्त त्या एका नटने. तो नट सोडवला की टॉप माउंट तोंडावर येतो. यात माणसं गेलीयेत, हात मोडणं तर किरकोळ. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसरने इतकी दाबायची की ती वाटीत सैल हलायला लागेल, आणि मगच मधल्या नटाला पाना लावायचा. त्यावेळी कॉम्प्रेसरच्या दोन हुकांवर काहीशे किलोंचा जोर असतो, हुक समोरासमोर नसले, एक बाजू जास्त आवळली गेली, स्प्रिंगच्या रंगावरून हुक सरकला, की खेळ संपला. गॅरेजमध्ये भिंतीला किंवा स्टँडला लावलेलं मोठं कॉम्प्रेसर असतं, स्प्रिंगला नीट कवेत धरणारं, तिथे हेच काम थोड्या वेळात होतं.

तेव्हा तुमच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. एक तर तयार जोडलेला पूर्ण स्ट्रट घ्या, म्हणजे नवी स्प्रिंग, टॉप माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट शेवटपर्यंत आपटू नये म्हणून दांड्यावर असलेला रबरी तुकडा), डस्ट बूट (धूळ अडवणारं रबरी आवरण) सगळं आधीच बसवलेलं, जुना काढायचा आणि नवा लावायचा, मधल्या नटाला हातही लावायचा नाही. महाग पडतो, आणि त्यात कंपनी कुठली घेताय ते बघा कारण स्वस्त तयार स्ट्रटमध्ये स्प्रिंग मूळ गाडीपेक्षा वेगळ्या ताकदीची निघते आणि मग गाडीचं नाक वर किंवा खाली जातं. दुसरी वाट म्हणजे स्ट्रट घरी काढा, दोन्ही स्ट्रट आणि नवे पार्ट घेऊन गॅरेजमध्ये जा, फक्त स्प्रिंग बदलून घ्या आणि परत येऊन बसवा. अर्थात त्यासाठी जायला दुसरी गाडी लागेल. मला विचाराल तर ही दुसरी वाटच चांगली, चांगल्या अवस्थेतली मूळ स्प्रिंग कशाला फेकायची.

आता काढायचं कसं ते. आदल्या रात्री खालच्या दोन बोल्टांवर आणि लिंक रॉडच्या (वळणावर गाडीचं कलणं आवरणाऱ्या बारला स्ट्रटशी जोडणारी छोटी दांडी) नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, जुन्या गाडीत अर्धा वेळ गंजाशी झुंजण्यातच जातो. जागा सपाट आणि कडक हवी, मातीत किंवा उतारावर नाही. हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅकने उचलून कंपनीने सांगितलेल्या जागी स्टँड लावा आणि गाडीला हाताने हलवून बघा. गाडीसोबत मिळालेला कात्रीचा जॅक पंक्चरपुरता असतो, त्याच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जायचं नाही.

चाक निघालं की आधी स्ट्रटला अडकवलेली ब्रेकची होज आणि एबीएसची वायर सोडवा. मग लिंक रॉड. इथे हमखास अडकायला होतं कारण नट फिरवला की बॉल जॉइंटचा खिळाही सोबत फिरतो, तो ॲलन कीने मधून धरायचा, आणि ॲलनचं भोक गंजून गोल झालं असेल तर शांतपणे नट कापून नवीन लिंक रॉड घ्या, तसाही तो झिजलेलाच असतो. खालचे दोन बोल्ट काढायच्या आधी स्ट्रट आणि नकलच्या जोडावर, बोल्टच्या डोक्याभोवती पांढऱ्या पेंटने खुणा करा, कारण बऱ्याच गाड्यांत यातल्या एका बोल्टवर किंवा लांबट भोकावर चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून बघता चाक किती आत-बाहेर कललंय ते, ठरतो. खुणा नवीन स्ट्रटवर मोजून घ्याव्या लागतात पण निदान जवळपास तरी बसतं. आणि बोल्ट काढायच्या आधीच नकलला दोरीने किंवा तारेने वर बांधून ठेवा. बांधला नाही तर नकल बाहेर कलंडतो, ब्रेकची होज ताणली जाते आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ॲक्सलचा आतला जॉइंट आपल्या वाटीतून सुटून बाहेर येऊ शकतो, मग अर्ध्या तासाचं काम दिवसभराचं होतं. बोल्ट ठोकून काढताना नट उलटा टोकावर चढवून मग हातोडा मारा, आटे वाचतात. सगळ्यात शेवटी वरचे कडेचे नट, आणि शेवटचा नट काढताना एक हात खालून स्ट्रटला, नाहीतर तो सरळ पायावर.

बसवताना उलटा क्रम. वरचे नट आधी बोटांनीच, मग खालचे बोल्ट खुणेवर आणून, मग टॉर्क रेंच. किती टॉर्क ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा, दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही. काही बोल्ट एकदा आवळले की परत वापरायचे नसतात आणि नायलॉन रिंगवाले नट तर नवीनच घ्या.

गॅरेजमध्ये स्प्रिंग बदलून घेताना बाजूला उभे राहून काही गोष्टी बघा. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलंय ना, वरचं-खालचं रबर जागेवर आहे ना. बऱ्याच स्ट्रटवर स्प्रिंग मुद्दाम तिरकी बसवतात, दांड्यावरचा आडवा जोर कमी करण्यासाठी, ती सरळ दिसावी म्हणून फिरवू देऊ नका. टॉप माउंट आणि बेअरिंग जुनीच लावायचा आग्रह होत असेल तर नको म्हणा, तेवढ्यासाठी परत सगळं उघडणं परवडत नाही. आणि दांड्याला पकड किंवा व्हाइस ग्रिप लावलेली दिसली तर तिथेच थांबवा. दांड्याच्या क्रोमवर एक ओरखडा पडला की सील कापली जाते आणि नवा कोरा स्ट्रट लवकरच गळायला लागतो. मधल्या नटावर इम्पॅक्ट गन चालवणं हेही त्याच वर्गातलं, आत दांडा भोवऱ्यासारखा फिरतो.

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे. बाबांच्या गाडीचे मागचे शॉक एकदम ओले झालेत. मागे स्प्रिंग वेगळी आहे आणि शॉक वेगळा. हे मी करू शकतो का? बाबा नको म्हणतायत.

उत्तर : बाबांना हे उत्तर वाचायला दे आणि त्यांना सोबत घेऊनच कर. तू सांगतोयस ते खरं असेल तर सुरुवात करायला यापेक्षा सोपं काम नाही, वर एक नट, खाली एक बोल्ट. वरचा नट कधीकधी डिकीतल्या आवरणामागे लपलेला असतो, तो शोधण्यातच वेळ जातो.

एकच गोष्ट इथे चुकते. अशा गाडीत चाक किती खाली लोंबायचं याची मर्यादा शॉकच ठरवतो. गाडी स्टँडवर आहे आणि तू शॉकचा खालचा बोल्ट काढलास तर बीम धपकन खाली येईल, स्प्रिंग निसटेल, ब्रेकची होज ताणेल. म्हणून बोल्ट काढायच्या आधी बीमखाली जॅक लावून त्याला किंचित उचलून धर, शॉकवरचा ताण गेला की बोल्ट हाताने निघतो. एका वेळी एकच बाजू, दुसरी बाजू जोडलेली राहू दे.

नवीन शॉक बॉक्समधून काढलास की तो बहुतेक आडवाच पडून आलेला असेल, आतली हवा तेलात मिसळलेली असते. दोन नळ्यांचा शॉक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा, तोपर्यंत की मधे कुठे पोकळ वाटणार नाही. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागेल, तो बिघाड नाही, तसंच बनवलेलं असतं. गॅस भरलेला असेल तर सोडल्यावर दांडा आपोआप बाहेर येतो, त्याला दाबून धरणारी पट्टी बसवतानाच काप.

आणि खालचा बोल्ट हवेत लटकलेल्या अवस्थेत पूर्ण आवळायचा नाही. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो ती त्याची मधली स्थिती होते, हवेत आवळलास तर गाडी खाली ठेवल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून बीमला जॅकने गाडी उभी असतानाच्या उंचीपर्यंत वर आण आणि मग आवळ. हे गॅरेजमध्येसुद्धा बरेच जण करत नाहीत.

प्रश्न : एकाच बाजूचा गळतोय, दुसरा कोरडा आहे. एकच बदलला तर?

उत्तर : चालणार नाही. एका ॲक्सलवरचे दोन्ही बदला. एक नवा आणि एक दमलेला असला की दोन चाकं एकाच खड्ड्याला वेगवेगळं वागतात, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की ते कळतं. अपवाद एकच, दोन्ही अगदी अलीकडे बदलले होते आणि त्यातला एक धडक बसून वाकला.

प्रश्न : बॉनेटवर जोर देऊन सोडलं की गाडी एकदा वर येऊन थांबते. मेकॅनिक म्हणाला म्हणजे शॉक चांगले. पण हायवेला गाडी तरंगल्यासारखी वाटते आणि ब्रेकला नाक फार खाली जातं. कोणाचं खरं?

उत्तर : तुमचं. बॉनेट दाबायची परीक्षा पूर्ण मेलेला शॉक पकडते, अर्धमेला नाही. हाताने दाबताना पिस्टनचा वेग फार कमी असतो, आणि आजकालच्या गाड्यांत बुश आणि माउंटचा अडसरच इतका असतो की दमलेला शॉकही पास होतो. शॉक एका दिवसात जात नाही, हळूहळू जातो, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला सवय होऊन जाते आणि कळतं कोणाला तर बऱ्याच दिवसांनी गाडी हातात घेतलेल्याला.

टायरवर तळहात फिरवून बघा, गोलाईत, सावकाश. ठरावीक अंतरावर उंचवटा-खळगा, उंचवटा-खळगा असं हाताला लागत असेल तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. मग टॉर्च घेऊन नळी बघा. सीलच्या आसपास धूळ चिकटलेला हलका ओलसरपणा चालतो, दांड्याला वंगण मिळावं म्हणून तेवढं तेल बाहेर येतंच. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर संपला. डस्ट बूट वर सरकवून बंप स्टॉप बघा, तुकडे झाले असतील तर गाडी बराच काळ शेवटपर्यंत आपटत होती. किलोमीटरचं विचाराल तर ८०,००० च्या आसपास तपासायला सांगतात, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने त्या आकड्याची वाट बघू नये.

प्रश्न : दोन्ही पुढचे स्ट्रट नवे टाकले तरी स्पीड ब्रेकरवर खटखट तशीच आहे. पैसे पाण्यात गेले का?

उत्तर : बहुधा आवाज स्ट्रटचा नव्हताच. खटखटीचे गुन्हेगार क्रमाने सांगायचे तर आधी लिंक रॉड, मग टॉप माउंट, मग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट. छोट्या छोट्या खाचखळग्यांवर सतत कटकट आणि मोठ्या खड्ड्यात गप्प, असं असेल तर लिंक रॉड बघा. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवल्यावर टण्ण असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग, कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि वरून टॉप माउंटवर हात ठेवा, झटका हाताला लागतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यात मात्र बोटं घालू नका.

काम नुकतंच झालेलं असेल तर आधी बसवणाऱ्यावर शंका घ्या, म्हणजे वरचे नट, मधला नट आणि खालचे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा, आणि स्प्रिंगचं टोक पायरीत बसलंय का ते चाक काढून बघा. नीट बसलेली नसेल तर स्प्रिंग चालताना स्वतः जागेवर सरकते आणि मोठा आवाज होतो. खटका ब्रेक लावतानाच येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश.

प्रश्न : शॉक बदलले की अलाइनमेंट करावंच लागतं का? गॅरेजमध्ये कायम दोन्ही एकत्र लावतात म्हणून विचारतेय.

उत्तर : ताई, पुढचे स्ट्रट बदलले असतील तर हो, करावंच लागतं. बोल्ट आणि भोकातल्या जरा मोकळ्या जागेनेही कॅम्बर हलतो, आणि कॅम्बर हलला की टो, म्हणजे वरून बघता चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते, पण हलतो. खुणा केलेल्या असतात त्या फक्त अलाइनमेंटच्या जागेपर्यंत सरळ जाता यावं यासाठी. न करता चालवलंत तर टायरची आतली कड आधी जाते आणि ती वरून दिसतही नाही. पण मागे बीम आहे आणि फक्त साधे शॉक बदललेत, तर तिथे चाकाचा कोन ठरवणारं काही हललेलंच नाही. बिलात लावलं असेल तर कशासाठी ते जरूर विचारा.

प्रश्न : सामान भरलं की गाडी मागून फार बसते. कडक गॅसचे शॉक टाकले तर वर येईल का?

उत्तर : किंचित, आणि त्याचा उपयोग नाही. बसलेली गाडी म्हणजे दमलेली किंवा तुटलेली स्प्रिंग, किंवा सरळ जास्त सामान. खालचं वेटोळं बघा, तिथेच बऱ्याचदा तुकडा पडलेला असतो आणि वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही. गॅस भरतात तो वजन उचलायला नाही, तेलाचा फेस होऊ नये म्हणून. खराब रस्त्यावर पिस्टन भराभर फिरला की तेलात बुडबुडे होतात, बुडबुड्यांना पिस्टन अडवता येत नाही आणि शॉक ऐनवेळी ढिला पडतो, नायट्रोजनच्या दाबाखाली ते कमी होतं. मूळ स्प्रिंगवर फार कडक शॉक टाकलात तर गाडी नुसती आपटत चालेल आणि मागे बसणारे शिव्या देतील. स्प्रिंग बदला, शॉक कंपनीने सांगितलेल्या जातीचाच ठेवा.

प्रश्न : माझ्या गाडीच्या शॉकला वायर आहे. तेही घरी होईल का? आणि जुन्या शॉकचं करायचं काय?

उत्तर : वायर आहे म्हणजे आतले व्हॉल्व्ह कॉम्प्युटर हलवतो. साधा शॉक लावला तर डॅशबोर्डवर दिवा लागेल, आणि त्याच जातीचा लावला तरी काही गाड्यांत स्कॅनरने ओळख करून द्यावी लागते. हवेच्या पिशव्या असतील तर त्यातला दाब सोडल्याशिवाय काहीही उघडू नका, ते काम सरळ गॅरेजला द्या. जुने शॉक कापायचे, जाळायचे, किंवा भोक पाडून तेल काढायच्या भानगडीत पडू नका, आत दाब असतो आणि एकाच नळीच्या प्रकारात तर तो २० ते ३० बारपर्यंत. भंगारात देताना गॅसचे आहेत एवढं सांगून द्या.